विलायती बाटली

पलूस, जि. सातारा
ता. ९ सप्टेंबर १९४१

चि. सौ. बनुबाईस लालासाहेबाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

सांगलीचं पाणी लागल्यापासून तुझी पत्रं आखूड झालीत. असो. तुझ्या वैनीला हिवतापानं धरलंय, त्यात पाचवा महिना. पोस्टात स्वस्तात मिळते ती कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, गोळ्यांची पुडी सुरू केली होती, उतारही पडत होता. पण परवा बाजारात नानासो दाजी भेटले. म्हणाले, आवं, त्या पुडीत निव्वळ खडू असतो. माझ्या दुकानातली विलायती बाटली द्या, तोवर पुडी बंद करा. दाजी तुझे यजमान, त्यात औषधांचे व्यापारी, त्यांना कळतं. पुडी बंद केली. बाटली लवकर धाडायला सांग. शालू म्हणते, वन्संनी थोडा गूळही धाडावा, तोंड कडू झालंय.

माहेरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

सांगली, ता. १८ सप्टेंबर

ती. दादास बनूचा शि. सा. न. वि. वि.

यांना रोज विचारते. म्हणतात, लढाईमुळं बोटी येत न्हाईत, माल लय अवघड झालाय. सख्ख्या मेव्हण्यालाही थांबवायचं का, असं म्हटलं तर नुसते हसले. आज एकदाची बाटली दिली. हळदीच्या गाडीवाल्याकडं सोपवते. गूळ वैनीचाच आहे, तू हात लावू नकोस.

डोक्यावर थोरला हात असू दे.

बनू

पलूस, ता. २६ सप्टेंबर

चि. सौ. बनूस आशीर्वाद.

बाटली आली, पण आदल्या दिवशीच शालूचा ताप डोक्यात गेला आणि पोटातलं गेलं. सुईण म्हणाली, मुलगा होता. बाटलीतल्या गोळ्यांनी आता ताप उतरलाय. शालू वाचली. दाजींचे उपकार कसे फेडू? त्यांना माझा दंडवत सांग.

दादा

सांगली, ता. ३ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न.

तुझा दंडवत मी सांगितला नाही. काल मागच्या खोलीत गेले, तर हे पोस्टातल्या पुड्या फोडून त्यांतल्या गोळ्या रिकाम्या विलायती बाटल्यांत भरत बसले होते. विचारलं, तर म्हणाले, औषध कुठं खोटं हाय? कोयनेल ते कोयनेलच, मी नाव इकतो. मग वैनीची पुडी का थांबवलीत? तर म्हणाले, पुडीनंच माणूस बरं झालं, तर बाटली कोण घील? आणि मागितली की लगेच दिली, तर तिची किंमत राहत न्हाई. एवढं बोलून बोटांची भुकटी धोतराला पुसली आणि चहा मागितला. मी चुलीवर पाणी ओतलं.

आज दुकानाच्या पायरीवर उभी राहून आल्यागेल्याला सांगितलं, हेच कोयनेल पोस्टात मिळतं. यांनी दंडाला धरून आत ओढलं. दादा, हा माणूस शेजारी जेवायला बसला की घास गिळवत नाही. मला न्यायला ये.

बनू

पलूस, ता. ७ ऑक्टोबर

चि. बनूस आशीर्वाद.

शालूला सांगू की नको, असं झालं होतं. शेवटी पत्र वाचून दाखवलं. मी म्हटलं, भावकी काय म्हणंल, जरा दिवस जाऊ देत. तशी भिंत धरून उठली आणि म्हणाली, आवं, गाडी जुपताय का मी चालत जाऊ?

रविवारी येतो. सामान बांधू नकोस. शालू सांगते, त्या घरातली चिंधीसुद्धा आणू नका. नेसत्या लुगड्यानिशी ये.

दादा