प्राध्यापकांचा प्रश्न आहेच

२१ फेब्रुवारी
परवापासून बजेट अधिवेशन. हे आपले अधिवेशन आहे असे आतून वाटते. मागच्या वर्षीही वाटले होते, पण ते वाटणे वेगळे. तेव्हा मी नुसता बसून होतो. या वर्षी कामाला लागणार.

परिस्थिती एकदा लिहून ठेवतो. चांदूर रेल्वेच्या आमच्या कॉलेजात राज्यशास्त्राची मंजूर जागा एक. ती रिकामी आहे. त्या रिकाम्या जागेवर मी आहे, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली तर हरी हरी, आणि दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत. असे बरेच जून गेले. शासनाने कायम भरती उघडली की जागा माझी. अडलेय ते फक्त शासनाकडून.

बायकोला, भावनाला हे सांगितले. ती इथे अमरावतीत, राजापेठेत एका क्लासमध्ये गणित शिकवते. क्लासवाले अकोल्याला शाखा काढताहेत, ती भावनाने सांभाळावी म्हणतात, राहायला फ्लॅटही देताहेत. मी म्हणालो, बजेटपर्यंत थांब. तिने विचारले, "कोन्त्या वर्षीच्या?"

गणिताच्या लोकांना प्रक्रिया कळत नाही.

२४ फेब्रुवारी
आमदारसाहेबांच्या ऑफिसात गेलो. साहेब मुंबईला. पीए शिवम होता. माझाच विद्यार्थी, तृतीय श्रेणी. संसदीय आयुधे हा टॉपिक त्याला मीच शिकवला. आज ते पेरलेले उगवणार म्हणून उत्साहात तारांकित प्रश्नाचा मसुदा त्याच्यासमोर ठेवला. तो म्हणाला की तारांकितची मुदत मागच्याच महिन्यात संपली, आणि आधी द्यावा लागतो हे तुम्हीच शिकवले होते ना सर.

मी म्हणालो, बरोबर, तुझी परीक्षा घेत होतो.

त्याने उपाय सांगितला. उच्च शिक्षण खात्याच्या मागण्यांवर चर्चा होते, त्यात साहेब बोलतील. एक पान लिहून द्या, साहेब तेवढेच वाचतात.

सभागृह आता माझ्या हातात आहे.

२६ फेब्रुवारी
एका पानात विषयाला न्याय देता येत नाही. पार्श्वभूमी नालंदापासून घेतली, त्यामुळे पहिले पान नालंदातच गेले. एकूण सात झाली. शिवमला व्हॉट्सअॅपवर पाठवली. त्याने अंगठा पाठवला. अभ्यासपूर्ण वाटले असावे.

४ मार्च
नागसेन अर्थशास्त्राला आहे, माझ्यासारखाच तासिकेवर. त्याने जिल्हाभरातल्या तासिकावाल्यांचे धरणे ठरवले आहे. मानधन दिवाळीपासून थकले आहे, त्यासाठी. मला म्हणाला, सर या, तुम्ही बोलता चांगले. मी त्याला समजावले की मी सध्या धोरणाच्या पातळीवर काम करतो आहे, मंडपात बसलो तर माझी तिकडची पत कमी होईल. तो बरं म्हणाला. सतरंज्या आणायला गेला.

९ मार्च
बजेट! दुपारच्या तासाला दोन मुली होत्या. त्यांना म्हणालो, आज लोकशाही प्रत्यक्ष पाहा. मोबाइल बेंचवर उभा केला. मंत्रिमहोदयांनी शेराने सुरुवात केली. मग रस्ते, पूल, विमानतळ, आणखी एक शेर, आणखी रस्ते. मुलींची एसटी होती, त्या गेल्या. मी उभ्यानेच ऐकत राहिलो. अखेर आले: उच्च व तंत्र शिक्षण विभागासाठी भरीव तरतूद. पुढे कौशल्य, स्टार्टअप, कृत्रिम बुद्धिमत्ता. नैसर्गिक बुद्धिमत्तेच्या भरतीबद्दल शब्द नाही.

पण भरीव आणि भरती, धातू एकच. हे सूचक आहे. नागसेनला म्हणालो. तो म्हणाला, आपल्यासाठी त्यात काहीच नाही सर. त्याला सांगितले, बजेट ओळींत वाचायचे नसते, ओळींच्या मधे वाचायचे असते.

संकल्प: पीएच.डी.चे पाचवे प्रकरण या महिन्यात पूर्ण. कायम झाल्यावर वेळ मिळणार नाही.

१३ मार्च
धरण्यावरून जाताना सहज थांबलो. ऊन फार. पाच मिनिटे बसलो, तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. प्राचार्य भगवंतरावांनी तो पाहिला आणि विचारले की शेखर सर, तुम्हीपण? मी म्हणालो, निरीक्षक म्हणून गेलो होतो.

२० मार्च
ऐतिहासिक दिवस.

शिवमने क्लिप पाठवली. साहेब मागण्यांवर बोलायला उभे राहिले. दोन मिनिटे मिळाली. पहिल्यात अध्यक्षांचे आभार, वरिष्ठ नेत्यांचे आभार, मतदारसंघाला वंदन. दुसऱ्यात एका वसतिगृहाच्या कंपाउंड वॉलची मागणी, सविस्तर. मग घंटा वाजली, आणि बसता बसता साहेब म्हणाले, "आणि प्राध्यापकांचा प्रश्न आहेच."

प्राध्यापकांचा प्रश्न आहेच! सात पानांचे सार तीन शब्दांत. याला म्हणतात संपादन. हे आता सभागृहाच्या कामकाजात कायमचे गेले. मी नसलो तरी ते राहील. उत्तरात मंत्री म्हणाले की सन्माननीय सदस्यांच्या मुद्द्यांची नोंद घेतली आहे. म्हणजे माझी नोंद घेतली आहे.

क्लिप स्टेटसला ठेवली. भावनाला दाखवली. तिने दोनदा पाहिली आणि विचारले की यात तुम्ही कुठे आहात. मी 'आहेच'वर बोट ठेवले.

मग तिने सांगितले की अकोल्याला हो म्हटले आहे. एक तारखेपासून.

२१ मार्च
माझी हरकत नाही. दोन शहरांत घर असणे प्राध्यापकाला शोभते. ती शनिवारी येईल, सोमवारी पहाटे जाईल. मी तिला म्हणालो, एक-दोन महिन्यांचा प्रश्न आहे, ऑर्डर आली की तुला परत यावेच लागेल. ती कुकरच्या शिट्ट्या किती आणि गॅसवाल्याचा नंबर कोणता ते सांगत होती. दोघेही एकाच वेळी बोलत होतो. कोणाचे कोणी ऐकले माहीत नाही.

२ एप्रिल
थकलेले मानधन आले. धरण्याच्या ठिकाणी शिक्षण खात्याचे अधिकारी येऊन आश्वासन देऊन गेले होते, असे नागसेन म्हणतो. असेल. पण सभागृहात विषय निघाल्यावर दोन आठवड्यांत पैसे येतात, हा योगायोग नाही. नागसेनला आनंद घेऊ दिला.

खिचडी करपली. मेसचा डबा लावला.

१९ एप्रिल
प्रणालीचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी, हुशार, हिवरखेडची. या वर्षी प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाली. मी पेपरही न तपासता सांगितले असते की होईल. तिने सल्ला विचारला: तासिकेवर कुठे अर्ज करावा का? तिला अर्धा तास मार्गदर्शन केले. तासिका म्हणजे शोषण. स्वाभिमानी माणसाने ते करू नये. मी स्वतः आता पुन्हा तासिकेवर करणार नाही, कारण कायम भरती तोंडावर आहे. ती म्हणाली, खरंच सर, तुम्ही नाही करणार? मी म्हणालो, नाही म्हणजे नाही.

बोलून फार बरे वाटले. आवाज चांगला लागला होता.

११ मे
अमरावती तापली आहे. तास नाहीत. पाचवे प्रकरण उघडले. आधी फाँट बदलून घेतला.

शिवम म्हणतो, फाइल वित्त विभागात आहे. म्हणजे जवळजवळ झालेच. फाइल कुठेच नसते तेव्हा काळजी करायची.

शनिवारी भावना आली नाही. शाखेत अॅडमिशनची गर्दी आहे म्हणे. फोनवर तिच्या मागे पुष्कळ पोरांचा आवाज येत होता. माझा आवाज तिला नीट जात नव्हता.

१५ जून
कॉलेजची जाहिरात: राज्यशास्त्र, तासिका तत्त्वावर, एक. वाचून हसलो. शासन कायम जागा देणार आणि हे तासिका घेऊन बसलेत.

२० जून
प्राचार्यांनी बोलावून घेतले. माझा अर्ज आला नाही म्हणून. चहा मागवला, म्हणजे गंभीर होते. मी भूमिका मांडली: फाइल वित्त विभागात असताना, पावसाळी अधिवेशन समोर असताना, तासिकेवर अर्ज करणे म्हणजे शासनावर अविश्वास दाखवणे. राज्यशास्त्राच्या माणसाने तरी तो दाखवू नये.

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "सर, सरकारचं सरकारले पाहू द्या. तुमी अर्ज द्या. परवा शेवटची तारीख हाय."

मी नम्रपणे उठलो. आपण आजवर असे ठाम कधी राहिलो नव्हतो.  चहा तसाच राहिला.

२२ जून
नागसेन घरी आला. कोरा अर्ज घेऊन. त्याने स्वतःचा भरला आहे. म्हणाला, सही करा, बाकी मी भरतो, जाताना देतो. मी त्याला तत्त्व समजावले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "तत्त्व मलेबी हाय सर. पन पोरं जूनमधी येतेत, भरती कवा येते त्याचा नेम नाई."

अर्ज टेबलावर ठेवून गेला. संध्याकाळपर्यंत तिकडे पाहिले नाही. मग पाहिले. तोवर ऑफिस बंद झाले होते. एका अर्थी निर्णय झाला.

३ जुलै
पावसाळी अधिवेशन सुरू. शिवमला तीन मेसेज. उत्तर आले: साहेब या वेळी कापसावर बोलणार, वरून तसे ठरले आहे. ठीक आहे. कापूसही महत्त्वाचा आहे.

९ जुलै
दुसऱ्याच कुठल्या सदस्याने भरतीचा प्रश्न विचारला. मंत्री म्हणाले, वित्त विभागाची मान्यता घेऊन टप्प्याटप्प्याने कार्यवाही करण्यात येईल. टप्प्याटप्प्याने! पहिल्यांदाच टप्पे मान्य केले. भावनाला फोन केला. ती वर्गात होती.

१४ जुलै
प्रणाली आली. पेढे घेऊन. कॉलेजात राज्यशास्त्राला तिची निवड झाली. तासिकेवर.

खुर्चीत टेकलीच नाही पूर्ण. म्हणाली, "सर, तुमी म्हनले होते का तुमाले नाई करायचं आता. नाई तं तुमच्या जागेवर मी अर्ज केलाच नसता. तुमाले करायचं असन तं अजून सांगा. मी नाई म्हनून येतो."

ती खरोखर गेली असती. तोंडावर दिसत होते.

मी म्हणालो, वेडी आहेस का. आणि नोट्सच्या फायली काढून दिल्या, सगळ्या. पहिल्या वर्षाच्या, दुसऱ्या वर्षाच्या, भारतीय संविधानाची वेगळी. तिला सांगितले की कोपऱ्यातल्या खोलीचा पंखा बटणाने सुरू होत नाही, रेग्युलेटर थोडा मागे घ्यावा लागतो. पहिल्या आठवड्यात कोणी येत नाही, तरी वर्गात जाऊन बसायचे. पावसात चांदूरची बस चुकते, तेव्हा आधीची धरायची. आणखी पुष्कळ सांगायचे होते. ती लिहून घेत होती.

ही व्यवस्था तात्पुरती आहे, कायम भरतीत मी येणारच, हे तिला सांगितले नाही. उगाच मन खट्टू झाले असते.

पेढे चांगले होते. रात्रीचा डबा परत पाठवला.

२३ जुलै
भावनाला सांगायची योग्य वेळ शोधत होतो. तिला माहीतच होते. नागसेनने त्याच दिवशी फोन केला होता. आठवडाभर आम्ही रोज पावसावर बोलत होतो.

आज म्हणाली, "इकडं या. जेवन तरी टायमावर होईन. अन् मलेबी इथं एकटं करमून नाई राह्यलं."

विनंती तिच्याकडून आली असल्याने मान्य केली.

२ ऑगस्ट
अकोला. गोरक्षण रोड. सामान थोडेच आणले, कारण मुक्काम थोडा आहे. प्रबंध आणला. इथल्या शांततेत पाचवे प्रकरण होईल. सकाळी भावनाला क्लासपर्यंत सोडले. गेटवर पोरांनी तिला नमस्कार केला, तिच्या मागून मलाही केला. एकाने विचारले की सर कोणता विषय. भावना म्हणाली, सर मला सोडायला आलेत.

१६ ऑगस्ट
समोरच्या फ्लॅटमधल्या आशाबाईंनी जिन्यात गाठले. मुलगी भावनाच्या बॅचला आहे. मॅडम फार चांगल्या शिकवतात म्हणाल्या. मग चौकशी केली की तुम्ही काय करता.

असा थेट प्रश्न इथे आल्यापासून कोणी विचारला नव्हता. मी पिशवी पायरीवर ठेवली. तासिका तत्त्व म्हणजे काय, मंजूर पद आणि भरलेले पद यांतला फरक, वित्त विभागाची भूमिका, मार्चमध्ये सभागृहात विषय कसा निघाला, जुलैत टप्पे कसे मान्य झाले, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाकडून काय अपेक्षा ठेवता येते, हे सगळे सोपे करून सांगितले. आशाबाईंनी एकदाही मधे तोडले नाही. असा श्रोता वर्गात मिळाला नाही.

संपल्यावर त्या मान हलवून घरात गेल्या. दार उघडेच होते. आतून त्यांच्या मिस्टरांनी विचारले, कोण आहेत ते.

"मॅडमचे मिस्टर," आशाबाई म्हणाल्या. "घरीच राह्यतेत म्हनते."

पिशवी उचलून घरात आलो. दुरुस्ती सुचवली नाही.