पायातल्या सपाता

मात्सुमोतो,
२४ नोव्हेंबर

चि. चिझुरूस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. इकडे डोंगरांवर बर्फ पडला, गावात अजून नाही. तुमच्या साप्पोरोत रस्ते पांढरे झाले असतील. जावईबापूंना गाडी जपून चालवायला सांग. तू पाठवलेले बटाटे पोचले. गुडघा बरा आहे.

परवा आमचं गायनमंडळ गरम झऱ्यावरच्या एका जुन्या र्योकान-सराईत मुक्कामाला गेलं होतं. तसं सगळं मंडळ नव्हतं. मी होतो आणि तोशिएबाई होत्या, आईच्या वर्षश्राद्धाला लोणच्याची बरणी घेऊन आलेल्या, त्याच. शिवाय त्यांचे थोरले भाऊ. दोन गाणारे आणि एक न गाणारा, याला मंडळ म्हणत नाहीत, हे मलाही कळतं. तेव्हा सरळच लिहितो. मी त्यांच्या भावाकडे तोशिएबाईंना मागणी घालायला गेलो होतो.

आता पत्र खाली ठेवू नकोस, पुढे माझी फजिती आहे.

भाऊ जन्मभर सुलेखन शिकवत आलेले, ताठ बसणारे. मी त्यांच्यासमोर गुडघे मुडपून बसलो. सूप झालं, मासा झाला, आळिंबीचं हंडं उकळायला लागलं, तरी त्यांचं लक्ष आपलं ताटातच. माझे पाय तर केव्हाच बधिर झालेले. बोलायचं वाक्य एकदा घोकून घ्यावं म्हणून भिंतीला धरत संडासात गेलो, तिथं ते चार वेळा म्हटलं आणि धीर ओसरायच्या आत परत आलो.

आत येताच तिघांनीही, म्हणजे वाढणाऱ्या बाईंनीसुद्धा, नजरा खाली घातल्या. मला वाटलं, प्रसंगाचं गांभीर्य ओळखलं. मी चटईवरून थेट भावापुढे गेलो, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि म्हणालो, "तुमच्या बहिणीला माझ्या घरी येऊ द्या."

त्यांनी हंड्याखालची आच कमी केली. मग ते म्हणाले, "अक्षर वळणदार आहे."

कसलं अक्षर? मी मागे वळून पाहिलं. माझ्या पायात संडासातल्या सपाता होत्या. हिरव्या रबराच्या, पुढे ठसठशीत 'शौचालय' लिहिलेल्या. बधिर पायांना पत्ताच नव्हता. लहानपणी तू एकदा घरच्या तसल्या सपाता घालून स्वयंपाकघरात आलीस तेव्हा आईने अख्खी फरशी पुसून घेतली होती, आणि मी तर चटईवर होतो, जिथे साध्या सपाताही चालत नाहीत, चिझुरू.

तोशिएबाई हुंदके देताहेत असं वाटलं. त्या हसत होत्या. त्यांनीच माझ्या पायातल्या सपाता काढल्या, नेऊन जागेवर ठेवल्या, आणि ओलं फडकं आणून वाढणाऱ्या बाईंबरोबर चटई पुसायला बसल्या. भाऊ शेवटी म्हणाले, "हिला इतकं हसताना नवरा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. न्या."

मी हुरळून तोशिएबाईंकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "हा दादाचा होकार झाला. माझा चिझुरूला विचारल्यावर. तिच्या मनाविरुद्ध मी त्या उंबऱ्याच्या आत राहायला यायची नाही."

दाराशी ठेवलेल्या आईच्या सपाता कुणी हलवू नये, असं तू म्हणाली होतीस. त्या तिथेच आहेत. तोशिएबाई घरी येतात तेव्हा स्वतःच्या सपाता कापडी पिशवीतून आणतात आणि जाताना परत नेतात. आईच्यांना त्यांनी कधी पायही लावला नाही. आई मला विसरता येत नाही, आणि विसरायचीही नाही. पण संध्याकाळी ती पिशवी खांद्याला लावून त्या निघाल्या की घर फार मोठं वाटतं.

नववर्षाला तुम्ही दोघं याल. तुमच्या, माझ्या आणि आईच्या सपाता मी नेहमीसारख्या मांडून ठेवीन. शेजारी आणखी एक जोड मांडू का, तेवढं कळव. नाही म्हणालीस तरी रागावणार नाही. हो म्हणालीस, तर त्या रिकाम्या झालेल्या पिशवीत तुझे बटाटे ठेवीन.

तुझा,
हल्ली पायांकडे बघून चालणारा,
बाबा