खिंडीतली हाक

मुंबई, माघ वद्य तृतीया

सौ. बयाबाईस कोंडाजीकडून आशीर्वाद.

इकडं सगळं बरं हाय. खोलीसमोरच गिरणीचं धुरांडं हाय, त्यामुळं वाळत घातलेलं धोतर फुकटात रंगून मिळतं.

डाक्तरानं छातीला नळी लावली. म्हणाला, "बाबा, तुमचं वय पन्नास, पण छाती सत्तरीची. आत वीस वर्षांचा धूर हाय. काळीज डबल पाळी करतंय." मी म्हटलं, गिरणीत राबणाऱ्याचंच काळीज ते!

म्हस व्याली का? आईचे गुडघे कसे हायत?

शिमग्याला येतोय. दरसाल मी खिंडीतून हाक मारतो नि तू तवा चढवतेस. यंदा चढ चढल्यावर हाकेपुरता दम उरायचा नाय. पण खोकला खणखणीत हाय, घरापर्यंत पोचेल. तो ऐकू आला की तवा चढव.

तुझा कोंडाजी