कान्हूचा नैसर्गिक अभिनय

२ नोव्हेंबर, रविवार
पेणमध्ये खचलेल्या माणसाला सावरायला आता माणसं तयार होणार. मी तयार करणार. ठाण्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग झालंय, आणि रोह्याच्या केमिकल कंपनीत मी जन्मभर सेफ्टी ऑफिसर होतो. आग काय, मन काय, ड्रिल ते ड्रिल. पेण झालं की रोहा, मग जिल्हा.
पहिल्या वर्गाला सहा जण. खचलेला माणूस म्हणून कान्हूला उभा केला. हा गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतो. काय काम केलं पठ्ठ्यानं! हात थरथरतो, मालकानं आखणी काढून घेतली, घरी सांगितलं नाय, असं सगळं मनचं रचून. भाजीवाल्या गिरजाबाईंनी डोळ्याला पदर लावला. ड्रिलमध्ये रडायचं नसतं, हे त्यांना समजावलं.

९ नोव्हेंबर, रविवार
पुन्हा कान्हूच. आज अन्न जात नाही, झोप नाही, ही भर स्वतःच घातली. गिरजाबाई आडून आडून विचारत होत्या. म्हटलं, सरळ विचारा. तेव्हा त्यांनी विचारलं, "मरायचं येतं काय रे मनात?"
"व्हय," म्हणाला आणि मान खाली घालून उभाच राहिला. फार लांबवलं. शेवटी शिट्टी मारून ड्रिल संपवलं. नंतर बाजूला घेऊन सांगितलं, बाबा, उत्तम, पण जरा कमी कर, लोक घाबरतात. "हो सर" म्हणाला. गुणी आहे.
माझी बायको सारा चहा घेऊन आली होती. ती म्हणते, त्याला एकदा घरी जेवायला बोलवा. शिक्षकानं अंतर ठेवावं, असं माझं मत.

१३ नोव्हेंबर
रोहा शाखेचं उद्घाटन. कान्हूला कायमचा पेशंट नेमून गाडीनं सोबत नेला. कासू स्टेशनवर म्हणाला, सर, मला बोलायचंय. म्हटलं, इथे खर्च करू नकोस, वर्गात वापर.
वर्गाला कोणीच नाही. लग्नसराई असावी. परतताना कान्हू खिडकीला डोकं टेकून बसला. दमला असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार
दुपारपासून कान्हूचे फोन. घेतले नाहीत. आज शब्बाथ, आम्हा यहुद्यांचा विसाव्याचा वार, फोनला हात लावायचा नाही. पेणमध्ये आम्ही बेने इस्रायल उरलो बोटावर मोजण्याइतके, आम्हीच नाही पाळायचा तर कोणी? मॅच चालू होती, पण टीव्ही सारानं लावला होता.
पुढचा फोन तिनंच घेतला. ऐकता ऐकता चपला घातल्या. म्हटलं, अगं, शब्बाथ.
"जीव जात असेल तर शब्बाथ मोडायचा असतो. तुम्ही बघा मॅच."
रिक्षा करून गेली. संध्याकाळी निरोप आला की त्याला दवाखान्यात नेलंय, एकटं सोडायचं नाही, ती तिथेच थांबतेय. माझी मॅच बघायची राहिलीच.

२३ नोव्हेंबर, रविवार
वर्गाला कोणी नाही. सगळे दवाखान्यात. मार्गदर्शन करावं म्हणून गेलो. वाटेत मुद्देही काढले.
कान्हू खाटेवर. त्याची बायको मालू उशाशी, गिरजाबाई पायाशी. सारा खुर्चीतच डुलक्या घेत होती. मला बघून तो उठायला लागला.
"माफ करा सर. ते नाटक नव्हतं."
माझीच माफी मागत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकवलेलं एक वाक्य आठवेना. गिरजाबाईंनी स्टूल पुढे सरकवलं, म्हणाल्या, बसा, बोलू नका.
बसलो आणि रडूच कोसळलं. आवरेना. कान्हू मालूला म्हणाला, "सरांना पाणी दे गो."