कंपनीनं बदलून देलेली घडी

चंपत भाऊजी,

वांग्याची भाजी अन् भाकर झाकून ठेवली हाये, जेवून घ्या.

यांच्या वॉटरप्रूफ घडीत पाणी गेलं तं ग्यारंटीवर बदलाले दुकानात तुम्हीच नेली. आणली तवा म्हणाले, कंपनीनं नवी कोरी देली.

मी घडीसाजाची लेक हावो, हे तुम्ही विसरले. दुरुस्तीच्या घडीच्या झाकणात बाबा आतून आपली खूण ओरखडून ठेवत. सकाळी मी या नव्या घडीचं झाकण उघडलं. आत दोन घडीसाजांच्या जुन्या खुणा हायेत.

यांले दाखवल्या, तं यांचा सारा संशय दुकानदारावर हाये. संध्याकाळी त्याची कॉलर धराले जाऊन राहिले. मी शेजारी कांताबाईकडं पापड लाटाले गेली हावो. मले बाहेर बोलवा, अन् यांले जाऊ देऊ का थांबवू, तेवढं सांगा.

शामला वहिनी