काळ्या साकाला कान असतात

सोमवार, ३ मार्च

प्रभूच्या कृपेने नव्या घरी आलो. नदीच्या मुखाशी वाळूचं एवढंसं बेट, त्यावर पत्र्याची खोली आणि दारात नीरफणस, म्हणजे भाजीची चिंता मिटली. ओहोटीला वाळूवरून चालत गावात जाता येतं. भरतीला मात्र माझ्या नवऱ्याची, अपेनिसाची पिवळी कयाकच. एका माणसापुरती, पाण्याला टेकलेली होडी. लॉजवाल्यांनी टाकून दिलेली त्याने उचलून आणली आणि भोक प्लास्टिक वितळवून बुजवलं. फुकट मिळाली म्हणून मला तिचा रंगसुद्धा आवडतो.

लॉजवाले त्याला म्हणालेत, काळा साका, तो दांडगा मासा, धरून दाखव, पाहुण्यांना मासे धरायला नेण्याचं काम तुझं. मग काठावर घर घेऊ. मी डोंगरातली, मला पोहता येत नाही.

संध्याकाळी त्याची आत्या लितिआ अळूची पानं घेऊन आली. म्हणाली, सूनबाई, तो पाण्यावर असताना त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, साकाला कान असतात. मग हसून म्हणाली, नवऱ्याचं नाव घ्यायची एवढीच हौस असेल तर तो ताटावर बसल्यावर घे गं बाई, तेव्हा त्याला तरी कुठे काय ऐकू येतं!

बुधवार, ५ मार्च

मासे धरायला जातो असं तो कधीच म्हणत नाही. पाय मोकळे करून येतो म्हणतो. मी म्हटलं, कयाकमध्ये तर पाय आखडून बसतोस! तर म्हणाला, हळू बोल.

आज त्याला साका दिसला. खडकांच्या खिंडीत तो आमिषामागून थेट कयाकपर्यंत आला, वल्ह्याच्या अंतरावरून अपेनिसाकडे बघून वळला. माणसाएवढा लांब आहे म्हणे. जेवतानाही अपेनिसा तेच बोलत होता. प्रार्थनेचा मात्र कंटाळा. ती मी म्हणते, तो मागून ओठ हलवतो. कधीतरी आपणहून म्हणेल.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी वारा वाढला आणि मला राहवेना. समुद्रावर काय एकच माणूस असतो? नावाशिवाय मागणं देवापर्यंत पोचायचं कसं? पायरीवर गुडघे टेकून मोठ्याने म्हटलं, प्रभू, अपेनिसाला सुखरूप घरी आण.

दुपारी तो परत आला, ओठ पांढरे. कयाकच्या खालून कोणीतरी त्याला नावाने हाक मारली. माझ्या आवाजात.

मी खरं ते सांगितलं, प्रार्थनेच्या शब्दांसकट. लितिआआत्याने कपाळाला हात लावला. म्हणाली, आता अमावस्या होईपर्यंत त्याला जमिनीवर ठेव. तो म्हणाला, साका एवढा जवळ आलाय आणि मी काय घरात अंडी उबवू?

शनिवार, ८ मार्च

आज ओहोटी झाली नाही. वाळू उघडलीच नाही. पाऊसही नाही, तरी पाणी पायरीवर आहे. तो म्हणाला, पाय मोकळे करून येतो. मी दारात आडवी उभी राहिले. त्याने मला अलगद बाजूला केलं.

अंधार पडतोय. कयाक दिसत नाही.

रविवार, ९ मार्च. सकाळ

आला नाही. पलीकडे चर्चचा लाकडी ढोल वाजतोय. रविवार, कोणी होडी काढणार नाही. आत्या काठावर उभी आहे. हाक मारत नाही, नुसते दोन्ही हात हलवतेय. बाहेर ये म्हणते की येऊ नकोस म्हणते, कळत नाही.

पाणी उंबऱ्याला. पाण्यात काहीतरी घराला फेऱ्या घालतंय.

दुपार

दाराबाहेर त्याचा आवाज. प्रभू, अपेनिसाला सुखरूप घरी आण. पुन्हा तेच. पुन्हा.

माझेच शब्द. परवाचे, जसेच्या तसे. स्वतःसाठी मागताना कोणी स्वतःचं नाव घेतं का? हा तो नाही. पाण्यातून ज्याने ऐकलं, तो साका आहे. मी कडी काढली नाही. दारावर डोकं आपटतोय — रडतोय — काढणार नाही.

नंतर

मागच्या खिडकीवर टकटक. हळू. आवाज नाही, हाक नाही. माझा माणूस असाच येणार. बोललं तर ते ऐकेल, हे त्याला ठाऊक आहे. प्रभू, तू ऐकलंस!

पाणी घोट्यापर्यंत. मी टेबलावर. खिडकीची कडी काढली. लाकूड फुगलंय, आतून ढकलवेना. बाहेरून ओढतोय तो. निघतेय हळूहळू —

पुढच्या दारातून पुन्हा तो आवाज — पण आता शब्द वेगळे. म्हणतोय, अगं वेडे, तो मागे गेलाय, खिडकी लाव. म्हणतोय, मला तुझी तेवढी एकच प्रार्थना येते, दुसरी कुठून म्ह—

कडी हाताला लागत ना