ऋतुराजच्या अल्बमवर दहा जणांचं मत

४ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. सकाळी ११

ऋतुराजने अल्बम काढला. आठ गाणी म्हणतो, त्यात गाणं एकही नाही. पियानो टुणटुणतो, खाली एकसारखं धप धप. शब्द नाहीत, देव नाही. आता गाणं सुरू होईल म्हणून वाट बघावी तर अल्बम संपतो. शी.

हाऊस म्युझिक म्हणे. त्यासाठी ठाण्यातली पतपेढीची कायम नोकरी सोडणार. १४ तारखेला राजीनामा.

दुपारी ३

बोलाचाली झाली. तो म्हणाला, आई, तू एकटीने ठरवू नकोस, दहा जणांना ऐकव. सहा जण वाईट म्हणाले तर राजीनामा देत नाही. मी म्हटलं, सहा कशाला, दहाच्या दहा आणते.

वही आखली. वर श्री. रकाने तीन: नाव, तपशील, शेरा. श्री लिहिलेल्या पानावर खोटं लिहायचं नाही ही माझ्या वडिलांची शिस्त. तपशील घडला तसा लिहायचा. शेरा मात्र मीच देणार, कारण लोकांना स्वतःचं मत नीट सांगता येत नाही.

५ ऑगस्ट

तळमजल्यावरची शिवानी. तिची सहा महिन्यांची सान्वी दिवसभर भोकाड पसरते. दुसऱ्या गाण्याला सान्वी झोपली. चौथ्याला शिवानी भिंतीला टेकून घोरायला लागली. मी दार ओढून घेऊन आले.

तपशील: दोघी झोपल्या. शेरा: वाईट, वाईट. माणूस जागं राहत नाही ते कसलं संगीत? कीर्तनात कोणी झोपतं का? (हे झोपतात. पण ते दमलेले असतात.)

दोन झाले. पोर लहान असली तरी श्रोताच.

६ ऑगस्ट

समोरच्या क्लाराबाई. चर्चमध्ये पेटी वाजवतात, म्हणून जाणकार. म्हणाल्या, वहिनी, पोराचा डावा हात काय सुंदर चालतो हो!

डाव्या हाताची स्तुती! आमच्याकडे डाव्या हाताने प्रसाद घेत नाहीत. शेरा: वाईट.

७ ऑगस्ट

भाजीवाली आवडाबाई खडवलीहून आली. टोपली उतरवली, पायरीवर बसून तीन गाणी ऐकली. म्हणाली, गो बाय, आमचे पोरांचे डीजेनी छाती फुटतं. यो बरा हाय, डोक्याला गार वाटतं.

डोकं गार पडणं हे काही चांगलं लक्षण नव्हे. वाईट. माठाची जुडी मात्र जास्त दिली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

भजनी मंडळात मोबाईल नेला. आज तर तिघी एकदम.

रंगूबाई रडल्या. शहाडला नदीवर बहिणीबरोबर धुणं धुवायच्या, ते आठवलं म्हणे. डोळे पुसून म्हणाल्या, परत लाव गं. म्हाताऱ्या बाईला रडवतो! वाईट.

संचिता म्हणाली, काकू, ऋतुराजदादाचा नंबर द्या ना. मत विचारलं तर नंबर मागते. वाईट.

स्वप्नाने तर कहर केला. टाळ काढले आणि त्या धपधपीवर ठेका धरला. देवाचे टाळ!  मंडळाचे ते टाळ घरी आणून गंगाजलाने पुसले. वाईट, दोनदा अधोरेखित.

सात झाले. जिंकलेच आहे. तरी दहा पुरे करणार. काम अर्धवट ठेवायची सवय नाही.

११ ऑगस्ट

गेटवरचे बाबुराव. सेक्रेटरींची गाडी हॉर्न वाजवत राहिली, हे डोळे मिटून बसलेले. वर मलाच म्हणाले, ताई, हॉर्न मध्ये नको होता. वाईट.

१२ ऑगस्ट, अंगारकी

ह्यांना ऐकवलं. म्हणाले, छान आहे. एकतीस वर्षांत माझ्या कुठल्या भाजीला छान म्हणाले नाहीत. वाईट. (रागाने दिलेला शेरा नाही.)

गणपतीला सांगून आले, मी पूर्वग्रह ठेवलेला नाही.

१३ ऑगस्ट. दुपारी

दहावी मी. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मनापासून किळस आली.

तपशील: डाळ करपली. वास आला, तरी गाणं संपेपर्यंत उठले नाही. शेरा: वाईट.

दहापैकी दहा. वही त्याच्या टेबलावर ठेवली. उद्या शिरा करणार.

१४ ऑगस्ट. सकाळी ८

वाचली. पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. मग विचारलं, आई, हे असंच झालं सगळं? मी म्हटलं, श्रीच्या पानावर खोटं लिहीन का रे? तर पठ्ठ्याने शेऱ्याचा रकाना हाताने झाकला आणि तपशिलाचा फोटो काढला! मी म्हटलं, अरे, शेरा वाच ना. म्हणाला, तू त्यांना विचारलंस तरी का, वाईट वाटलं का म्हणून?

विचारायची काय गरज? दिसत होतं की.

डाळीच्या ओळीवर बोट ठेवून हसला. पाया पडला आणि गेला. शिरा न खाता.

संध्याकाळी ६

राजीनामा दिला. मॅनेजरांनी विचारलं, घरच्यांना पटलंय का? ह्याने फोटो दाखवला. त्यांनी सगळा वाचला, म्हणे, आणि म्हणाले, आईंचं अक्षर फार सुरेख आहे.

आहेच.